क्षयाचे औषध आणि संततिनियमनाची गोळी

क्षयरोगाचे निदान झालेल्या गृहिणीपुढे चिंता अनेक असतात. परंतु आपण नियमाने घेत असलेली संततिनियमनाची गोळी या रोगाच्या औषधामुळे निष्प्रभ होईल, ही शंका तिला सहसा येत नाही. ती यावी असे कारण मात्र आहे.

१९७१ साली जर्मनीतील डॉक्टरांना असे आढळले की, गोळी घेणाऱ्या ज्या स्त्रियांना क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध दिले गेले, त्यांच्यापैकी अनेकींना पाळी नसतानाही रक्तस्राव होऊ लागला. पुढे काहींना दिवस गेल्याच्याही नोंदी झाल्या.

याचे मूळ यकृतात आहे. गोळीतील संप्रेरकांचे विघटन करणारी एन्झाइम नावाची द्रव्ये तेथे असतात. रिफाम्पिसिनमुळे त्यांचे प्रमाण वाढते आणि विघटन झपाट्याने होते. दिवसभरासाठी बांधून दिलेली शिदोरी सकाळीच संपावी, तशी गोळीची गत होते, आणि स्त्रीबीज बाहेर पडण्यास अटकाव उरत नाही.

मग सर्वच प्रतिजैविके अशी घातक आहेत काय? पूर्वी तसे मानले जाई. आतड्यांतील जंतू मेल्याने संप्रेरकांचे शोषण घटते, असा तर्क होता. परंतु तो पुराव्याच्या कसोटीस उतरला नाही. २०११ साली ब्रिटनमधील तज्ज्ञांनी अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन यांसारख्या नित्याच्या औषधांबाबतची अधिक दक्षतेची सूचना मागे घेतली. तथापि, गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली, तर दुसरी गोळी घेणे इष्ट होय.

क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिने चालतो आणि रिफाम्पिसिन त्यात अखेरपर्यंत असते. ते थांबल्यावरही यकृतावरील परिणाम ओसरण्यास सुमारे चार आठवडे लागतात. तोवर केवळ गोळीवर विसंबू नये. तांबी किंवा दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन यांच्या गुणात या औषधाने उणेपणा येत नाही. त्यांतील योग्य काय, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

गर्भ राहण्याच्या भयाने क्षयाचे औषध सोडणे मात्र सर्वस्वी अनुचित. अर्धवट उपचाराने रोग उलटतो आणि मग तो औषधांना दाद देईनासा होतो. बदलायचे आहे ते संततिनियमनाचे साधन, क्षयाचे औषध नव्हे. म्हणून दवाखान्यात जाताना गोळीचे पाकीटही संकोच न बाळगता सोबत न्यावे.