दोन काचांमधला पाऊण मिलिमीटर

जुन्या स्पोर्ट्‌स कारचं बहुतेक सगळं परत मिळवता येतं. सडलेला पत्रा कापून नवा जोडता येतो, इंजिनाला नवे पिस्टन बसतात, फाटलेल्या सीटवर नवं कातडं चढतं. पुढची काच मात्र दुधाळली की दुरुस्त होत नाही. एक तर आहे तशी ठेवायची, नाहीतर बदलायची. ‘माझ्या गाडीत सगळं कारखान्यातून आलेलंच आहे’ असं मिरवणाऱ्या मालकाची कसोटी इथे लागते, आणि न्यूझीलंडमध्ये ती सरकारी शिक्क्यानिशी लागते.

त्या देशात गाडी रस्त्यावर आणायची तर ‘वॉरंट ऑफ फिटनेस’ लागतं. १९३७ पासून चालत आलेली ही तपासणी. २००० सालाच्या आधी नोंदलेल्या गाड्यांना ती वर्षानुवर्षं दर सहा महिन्यांनी द्यावी लागत आली. तपासनीस ब्रेक, टायर, गंज पाहतो, तशीच काचही पाहतो. चालकाच्या नजरेसमोरच्या भागात टवके, ओरखडे किंवा रंगाचा फरक इतका असेल की रस्ता नीट दिसत नाही, तर गाडी नापास. काच, वायपर आणि आरसे यांच्यासाठी १९९९ चा वेगळा नियमच आहे. गाडी दुर्मीळ आहे म्हणून धूसर काचेला माफी नाही. मला हे रास्त वाटतं. समोरून सायकलवर येणाऱ्याला तुमच्या गाडीच्या लिलावातल्या किमतीशी काय देणंघेणं?

काच खराब व्हायला तिथे कारणंही भरपूर. देशातले असंख्य रस्ते डांबर फवारून त्यावर बारीक खडी पसरून केलेले असतात. नव्या थरावर काही दिवस ताशी ३० किलोमीटरची पाटी लागते, ती पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडणाऱ्या खडीमुळेच. शिवाय देशातलं कोणतंही ठिकाण समुद्रापासून साधारण १३० किलोमीटरपेक्षा दूर नाही, त्यामुळे दमट, खारी हवा पाठ सोडत नाही. उन्हाळ्यातली अतिनील किरणंही उत्तर गोलार्धातल्या त्याच अक्षांशांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त असतात. काचेभोवतालचं रबर त्याने कडक होतं, तडकतं, आणि मग पाणी काचेच्या कडेपर्यंत पोचतं.

कडेला पाणी पोचलं की काय होतं, हे कळायला काचेच्या पोटात शिरावं लागतं. आजची पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये चिकट प्लास्टिकचा पापुद्रा. मूळ कल्पना एदुआर बेनेदिक्त्युस या फ्रेंच माणसाची. हा चित्रकारही होता आणि रसायनतज्ज्ञही. १९०३ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेतला चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेट सुकून त्याचा थर बसला होता. १९०९ मध्ये त्याने पेटंट घेतलं आणि १९१२ मध्ये इंग्लंडात ट्रिपलेक्स कंपनी उभी राहिली. पण सेल्युलोज नायट्रेट उन्हात पिवळं पडतं. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या एखाद्या गाडीतून बाहेरचं जग चहाच्या रंगाचं दिसतं, ते यामुळे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस पीव्हीबी नावाचं प्लास्टिक आलं आणि पिवळेपणाची तक्रार जवळपास मिटली. नवी तक्रार आली ती ओलाव्याची. पीव्हीबी कडेने ओल शोषतं, काचेवरची पकड सोडतं आणि कोपऱ्यांत दुधी पट्टे आत सरकू लागतात. कडेने रेझिन भरून ते थांबवल्याचे दावे होतात. त्यावर माझा विश्वास नाही. वरचे ओरखडे सीरियम ऑक्साइडने घासून घालवता येतात, पण जास्त घासलं की काचेला खळगा पडतो आणि समोरचा रस्ता लाटेसारखा हलतो.

मग नवी काच आणायची कुठून? गाडी कोणती, यावर उत्तर ठरतं. १९४५ ते १९४९ मध्ये बनलेल्या एमजी टीसीची काच सपाट. चौकटीसकट पुढे आडवी पाडता येते. अशी काच गावातला काचवालाही लॅमिनेटेड तावातून कापून देईल. १९६१ च्या जग्वार ई-टाइपची काच वाकलेली, रुंद आणि इतकी बुटकी, की ती पुसायला तीन वायपर लावावे लागले. ती कापून मिळत नाही. त्यासाठी दोन काचा एकावर एक ठेवून, साच्याच्या कडांवर टेकवून, ६०० अंशांहून जास्त तापमानाला स्वतःच्या वजनाने वाकू द्यायच्या. गार झाल्यावर मध्ये पाऊण मिलिमीटरचा पीव्हीबी घालायचा आणि दाबाच्या भट्टीत साधारण १४० अंशांना चिकटवायचा. खरा खर्च साच्याचा. ई-टाइप हजारोंनी विकली गेली, म्हणून तिच्या काचा आजही नव्या बनतात. ज्या गाड्या शेकड्यांतच बनल्या, त्यांचे मालक एकत्र येऊन एक खेप करून घेतात. त्यात मग पुढची वीस वर्षं पुरतील इतक्या काचा कोणाच्या तरी शेडमध्ये पडून राहतात.

न्यूझीलंडमध्ये अशा शेड पुष्कळ. डिसेंबर १९३८ मध्ये सरकारने आयातीवर परवाने लादले. परदेशी चलन तुटपुंजं होतं आणि नवी गाडी लवकर हवी तर परदेशात पैसा असावा लागे. घरगुती मोटारी सुट्या भागांतून देशातच जोडल्या जात. हा जोडणीचा धंदा १९९८ पर्यंत चालला. स्पोर्ट्‌स कार त्या मानाने मोजक्याच आल्या. त्यामुळे आलेली गाडी सहसा कोणी मोडीत काढली नाही आणि तिचे सुटे भागही कोणी फेकले नाहीत. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या व्हिंटेज कार क्लब ऑफ न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चजवळच्या वार्षिक जुन्या बाजारात आजही लोक भंगारातून नेमका हवा तो तुकडा शोधत फिरतात. आपल्या चोरबाजारासारखंच, फक्त चिखल जास्त आणि घासाघीस कमी.

त्याच क्राइस्टचर्चमध्ये पॅट होर नावाचे रेसर होते. फेरारीच्या २४६ डिनो रेसिंग कारच्या सांगाड्यात तीन लिटरचं व्ही-१२ इंजिन, अशी जगावेगळी गाडी त्यांनी मिळवली आणि १९६१ चा न्यूझीलंडचा गोल्ड स्टार किताब जिंकला. शर्यतीचे नियम अडीच लिटरकडे वळल्यावर तिला गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा त्यांनी तिथल्याच कारागिरांकडून तिच्यावर फेरारी जीटीओच्या वळणाचं बंद छत चढवलं आणि ती रस्त्यावर चालवली. पुढे ती इंग्लंडला गेली आणि पुन्हा एकआसनी रेसिंग कार झाली. मला यात रस आहे तो काचेपुरता: जगात एकच असलेल्या छताला काच कोणत्याही कॅटलॉगात नसते. आपल्या गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस फायबरग्लासच्या अंगाची सॅन स्टॉर्म बनली, तिच्या मालकांपुढेही आज ना उद्या हाच प्रश्न येणार.

काच हाती आली तरी काम संपत नाही. जुनं रबर काढलं की खालच्या दोन कोपऱ्यांत गंज हमखास सापडतो, आणि काचेच्या बिलापेक्षा पत्र्याचं बिल मोठं होतं. काच बसवायची पद्धत मात्र सोपी: नव्या रबराच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं, एकाने बाहेरून तळहाताने दाबायचं आणि दुसऱ्याने आतून दोरी ओढत रबराची कड पत्र्यावर चढवायची. घाई केली, किंवा चौकटीत एखादा उंचवटा राहिला, तर काच त्या दिवशी टिकते आणि पुढच्या थंडीत सकाळी तडकलेली सापडते. फायबरग्लासच्या गाड्यांत हा धोका जास्त, कारण हाताने घडवलेल्या दोन चौकटी तंतोतंत सारख्या नसतात.

उरतो शिक्क्याचा वाद. ट्रिपलेक्सच्या जुन्या काचेवर कोपऱ्यातल्या अक्षरांच्या वर-खाली बारीक ठिपके असत. त्यांवरून काच कोणत्या वर्षी, कोणत्या तिमाहीत बनली ते कळे. प्रदर्शनातले परीक्षक गुडघे टेकून ते ठिपके वाचतात. म्हणून काही मालक नव्या काचेवर जुन्या तारखेचा शिक्का कोरून घेतात. माझ्या मते हा खोटेपणा आहे. सुरक्षेचं चिन्ह म्हणजे काच कोणी, कधी बनवली याची ग्वाही. ती सजावट नव्हे. नव्या काचेवर नवा शिक्का असावा, परीक्षकाने गुण कापायचे तर कापावेत.

काढलेली जुनी काच मात्र टाकू नये, अगदी दुधाळलेली असली तरी. तिच्या थरांचा उपयोग संपला असला, तरी तिचा बाक शाबूत असतो. साचा नव्याने करायची वेळ आली तर कारखान्याला नमुना म्हणून ती लागते. म्हणून न्यूझीलंडमधले जाणते लोक नवी काच ज्या लाकडी खोक्यातून येते, त्यातच जुनी उभी ठेवतात, आणि वर खडूने गाडीचं नाव आणि साल लिहितात.