सहावी पायरी
श्रद्धा आणि शेजार : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण जहांगीराबादच्या संत फ्रान्सिस चर्चची इमारत पाहिली. आज त्या इमारतीत, आणि भोपाळमधल्या तशा इतर इमारतींत, जी माणसं येऊन बसतात त्यांच्याविषयी. मराठी ख्रिस्ती माणसाची यात चांगली सोय आहे. इमारतीला तो चर्च किंवा देऊळ म्हणतो आणि माणसांना मंडळी. भोपाळच्या हिंदीत दुसऱ्या अर्थासाठी 'कलीसिया' हा शब्द चालतो. तो मूळ ग्रीक 'एक्लेसिया'वरून फिरत फिरत आला. ग्रीक नगरांत नागरिकांची जी सभा बोलावली जायची, तिचं हे नाव. ती सभा भरायची ती काहीतरी ठरवायला: युद्ध करायचं की नाही, कर किती लावायचा. आपली 'मंडळी' त्या मानानं घरगुती. पंगतीला मंडळी बसते, लग्नाला मंडळी जमते, आणि जुन्या पिढीतला नवरा बायकोचा उल्लेखसुद्धा 'आमची मंडळी' असाच करायचा. शब्दांतला हा फरक वाटतो तितका किरकोळ नाही. स्थानिक चर्च बळकट करायचं म्हटलं की जवळजवळ सगळीकडे एकच क्रम सांगितला जातो: आधी आपसांत जिव्हाळा वाढवा, घरगुती मंडळी जमवा, आणि ती नीट जमली की मग बाहेरच्या सेवेला निघा. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. ठरवायला आणि करायला काही नसेल तर जिव्हाळासुद्धा फार दिवस टिकत नाही.

भोपाळचाच इतिहास पाहा. फ्रान्सच्या राजघराण्याशी नातं सांगणारं बूरबाँ कुटुंब बेगमांच्या दरबारात मोठ्या अधिकारावर होतं. फ्रेंच प्रवासी लुई रूसेले 1867 मध्ये भोपाळला आला, तेव्हा त्याला त्या घराण्याची कर्ती बाई भेटली आणि तिच्याविषयी त्यानं लिहूनही ठेवलं. जहांगीराबादचं चर्च हे याच घराण्याचं देणं. अशा चर्चचा फायदा उघड आहे. जमीन, घंटा, धर्मगुरूचा निर्वाह, सगळं एका थैलीतून येतं. तोटाही त्याच थैलीत असतो. बाकीच्यांनी करायचं काय, हा प्रश्नच उरत नाही. आश्रित कृतज्ञ असतात, आणि कृतज्ञता हा मोठा गुण आहे, पण तेवढ्यावर संघटना उभी राहत नाही. पुढे 1 नोव्हेंबर 1956 ला भोपाळ राजधानी झालं, पिपलानी-गोविंदपुऱ्याकडे भेलचा कारखाना आणि त्याची वसाहत उभी राहिली, आणि केरळ, तामिळनाडू, छोटा नागपूर, गोवा, विदर्भ अशा ठिकाणांहून ख्रिस्ती कुटुंबं नोकरीनिमित्त आली. 1963 मध्ये भोपाळ कॅथलिकांचा महाधर्मप्रांत झाला. तरी संख्या डोळ्यांत भरण्याजोगी कधीच नव्हती. 2011 च्या जनगणनेत सगळ्या मध्य प्रदेशात मिळून ख्रिस्ती 2,13,282, म्हणजे शेकडा 0.29. या मूठभरांचा जिव्हाळा मात्र कमी नव्हता, कारण जो तो आपापला जिव्हाळा सोबत बांधूनच आला होता. मल्याळी मंडळींची गाणी वेगळी, उरांव मंडळींचा ढोल वेगळा, प्रत्येकाचा सण वेगळा आणि कोणाकडे मयत झालं की धावून जाणारे हातही वेगळे. उपासना हिंदीत एकत्र आणि नंतरचा चहा आपापल्या भाषेत. हे चूक आहे असं मुळीच नाही. परक्या गावात मातृभाषेत दोन शब्द बोलायला मिळणं ही चैन नव्हे, गरज आहे. पण हा जिव्हाळा सोबत आणलेला आहे, भोपाळमध्ये कमावलेला नाही. त्यामुळे बदली झाली किंवा निवृत्तीनंतर माणूस गावी परतला की तो तितकाच सहज बांधून परतही नेला जातो.

मग कमावलेली मंडळी कशी घडते? कॅथलिक धर्मप्रांतांनी गेल्या काही दशकांत देशभर जो प्रयोग केला, त्यातली एक बारीक गोष्ट इथं जवळून पाहण्यासारखी आहे. धर्मग्राम, म्हणजे एका चर्चचा परिसर, मोठा असला की एकाच आळीतली किंवा कॉलनीतली पंधरा-वीस घरं मिळून लघु ख्रिस्ती समूह करतात. ते महिन्या-पंधरवड्यातून कुणाच्या तरी घरी जमतात आणि दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेनं रुळवलेल्या सात पायऱ्यांनी बायबल वाचतात. पहिली पायरी, प्रभूला बोलावणं. दुसरी, उतारा वाचणं. तिसरी, मनाला भिडलेला एखादा शब्द मोठ्यानं उच्चारणं. चौथी, गप्प बसणं. पाचवी, काय भिडलं ते एकमेकांना सांगणं. सहावी, आता करायचं काय ते ठरवणं. सातवी, प्रार्थना. पहिल्या पाच पायऱ्या कोणीही चढतो. पाचवीवरून तर उतरायचीच इच्छा होत नाही, कारण तिथं स्वतःविषयी बोलायला मिळतं. घोडं अडतं ते सहावीवर. तिथं 'आपण सर्वांनी प्रेमानं राहावं' असं काहीतरी मोघम बोललं जातं, कोणीतरी घड्याळाकडे पाहतं, आतून कपबशांचा आवाज येतो आणि सातवी सुरू होते. या पद्धतीचे प्रशिक्षण देणारेही हेच सांगत आले आहेत की सहावी पायरी गाळली की समूह भजनी मंडळासारखा चालतो आणि भजनी मंडळासारखाच हळूहळू ओसरतो. पायऱ्यांचा क्रम ज्यानं लावला त्याला माणसांची पुरती ओळख असावी. काम ठरवण्याची पायरी त्यानं शेवटच्या प्रार्थनेआधी ठेवली, नंतर नाही. म्हणजे प्रार्थनेत मागायला काहीतरी नेमकं असतं.

पण हे एकाच पद्धतीचं कौतुक झालं. पुरावा हवा तर केडगावला जावं लागतं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची गोष्ट सांगताना भाविक लोक बहुधा 1905 पासून सुरुवात करतात. त्या वर्षी तिथं प्रार्थनेची जी लाट उठली तिचं वर्णन जगभर गेलं, आणि 'मंडळी कशी जिवंत होते' याचं उदाहरण म्हणून ते अजून दिलं जातं. त्याआधीची आठ वर्षं मात्र गाळली जातात. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या. आजच्या मध्य प्रदेशाचा मोठा भाग त्यात येतो. तिथून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या. गुजरातच्या दुष्काळानंतर हा आकडा हजाराच्या पुढे गेला. या सगळ्यांची भाषा एक नव्हती, जात एक नव्हती, पुष्कळजणींना धड उभंही राहता येत नव्हतं. पहिला प्रश्न पोटाचा होता. मग विहीर, शेती, गाई, तेलघाणा, माग, शिवण, छापखाना. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवणारे वर्ग निघाले. बरी झालेली मुलगी नव्यानं आलेल्या आजारी मुलीची काळजी घेई. पुढे रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच आवारातल्या बायकांनी खिळे जुळवून छापलं. आठ वर्षं एकमेकींचे केस विंचरून आणि जखमा धुऊन झाल्यावर 1905 मध्ये त्या एका छताखाली रडल्या, यात चमत्कार किती आणि कमाई किती हे ज्यानं त्यानं ठरवावं. माझा कल कमाईकडे आहे. एक कबुली दिली पाहिजे: मुक्ती हे स्थानिक चर्च नव्हतं, एका विलक्षण बाईच्या शब्दावर चालणारी संस्था होती. पण नेमकं म्हणूनच ते उदाहरण मोलाचं आहे. तिथल्या मुलींकडे सोबत आणलेला जिव्हाळा शून्य होता. जे झालं ते तिथंच झालं.

आता आक्षेपांकडे. सर्वांत जड आक्षेप बाहेरून येतो आणि मध्य प्रदेशात त्याला कायद्याचं रूप आहे. सेवा हे आमिष असतं, धर्मांतर हा हेतू असतो, असा तो आक्षेप. 1954 मध्ये रविशंकर शुक्लांच्या सरकारनं नागपूरला न्या. भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. 1956 मध्ये अहवाल आला आणि त्याच वर्षी राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. अहवालाचा वारसाही तिकडेच गेला म्हणायचा, कारण 1968 मध्ये भोपाळच्या विधानसभेनं बळ, फसवणूक किंवा प्रलोभन वापरून होणाऱ्या धर्मांतराला बंदी करणारा कायदा केला. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा मूलभूत हक्क नाही. 2021 मध्ये त्याची जागा आणखी कडक कायद्यानं घेतली. 'सगळाच खोटा आरोप' म्हणून हा विषय झटकणं प्रामाणिकपणाचं नाही. दुष्काळात धान्य आणि बाप्तिस्मा एकाच वहीत लिहिले गेल्याची उदाहरणं मिशनांच्या स्वतःच्या इतिहासात आहेत आणि त्यावर तेव्हाच्या मिशनऱ्यांतही वाद झाले. 'पोटासाठी झालेला ख्रिस्ती' ही शिवी मराठीत काही हवेतून आली नाही. पण कामानं मंडळी घडते हा आपला मुद्दा मान्य केला तर या आक्षेपाला निदान एक सरळ उत्तर मिळतं. सेवेनं घडते ती सेवा करणारी मंडळी. लाभ मोजायचाच असेल तर तो आत मोजायचा: किती घरं कामाला लागली, किती भाषांची माणसं एका कामावर एकत्र आली. ज्याची सेवा झाली तो कोणत्या धर्माचा राहिला हा रकाना वहीत असूच नये. असेल, तर कायदा नसतानाही ती मंडळी बिघडलेली आहे.

नियोगी समितीबद्दल एक गंमत सांगण्याचा मोह होतो. तिच्या सदस्यांत वर्ध्याचे एस. के. जॉर्ज हे ख्रिस्ती प्राध्यापकही होते. आणि शिफारशींत एक अशी होती की भारतीय चर्चनी परदेशी पैशावर न विसंबता एकत्रित, स्वतंत्र चर्च स्थापावं. चौदा वर्षांनी, 29 नोव्हेंबर 1970 ला, त्याच नागपुरात अँग्लिकनांपासून बाप्टिस्टांपर्यंतचे सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. समितीमुळे झालं असं कोणी म्हणू नये. बोलणी 1929 पासून चालू होती. स्वावलंबनाचा आग्रह तर त्याहून जुना. अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानात आले आणि गावोगावच्या मंडळ्या देशी पाळकांच्या हाती देण्यासाठी त्यांनी अहमदनगरच्या मिशनला भरीस घातलं. ज्या मंडळीला आपला पाळक पोसावा लागतो, आपला निर्णय घ्यावा लागतो, ती लवकर वयात येते, हे त्यांचं गणित. थैलीवाल्या चर्चचं हे नेमकं दुसरं टोक.

दुसरा आक्षेप आतला, आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. काम हेच जर मंडळी घडवतं, तर चर्चमध्ये आणि रोटरी क्लबात फरक काय? फरक सहाव्या पायरीच्या जागेत आहे. तिच्या आधी एक ऐकलेला उतारा आणि एक शांतता आहे, तिच्या पुढे प्रार्थना आहे. त्या दोन्हींच्या मधून तिला उचलून बाहेर ठेवलं की रोटरी होते, आणि रोटरीही वाईट नाही. पण त्या दोन्ही ठेवून मधलीच काढली, तर उरतं ते काय याचं नाव मला सुचत नाही. तिसरं म्हणणं असं की सेवा तर चालूच आहे: शाळा आहेत, दवाखाने आहेत. आहेतच. भोपाळमध्ये 1965 पासून जेझुइटांचं कॅम्पियन आहे, सिस्टरांची कॉन्व्हेंटं आहेत, आणि शहराला ख्रिस्ती म्हटलं की आधी प्रवेशाचा फॉर्म आठवतो. मात्र त्या शाळा संन्यस्त संघ चालवतात. शेजारच्या चर्चमधलं सामान्य कुटुंब त्या कामात कुठे आहे? बहुधा तेही प्रवेशाच्याच रांगेत. ही नवी थैली झाली. जुनीपेक्षा उदार, पण बाकीच्यांना काम नाही हे तसंच.

शेवटी या शहरात जी गोष्ट टाळून कोणत्याच सेवेविषयी लिहिता येत नाही ती. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडमधून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट सुटलं. राज्य सरकारनं मान्य केलेले मृत्यूच 3,787 आहेत. प्रत्यक्षातले याच्या कितीतरी पट असल्याचं पीडितांच्या संघटना सांगतात. काही दिवसांतच मदर तेरेसा आल्या, रुग्णालयांत फिरल्या, त्यांची छायाचित्रं जगानं पाहिली. छायाचित्रांनंतर उरलं ते कंटाळवाणं आहे: दम, डोळे, दाव्याचे कागद, दवाखान्याची फेरी, पुन्हा कागद. आपत्तीत धावून जाणं कोणत्याही जमावाला जमतं. चाळीस वर्षं चालणाऱ्या खोकल्यासाठी मंडळी लागते. समजा कारखान्याजवळच्या छोला भागात पंधरा घरांचा एक समूह आहे आणि आळीत एक म्हातारी आहे, जिला महिन्यातून दोनदा भोपाळ मेमोरियल रुग्णालयात जाऊन औषधं आणावी लागतात आणि रांगेत उभं राहवत नाही. ती ख्रिस्ती असायलाच हवी असं नाही. त्या वस्त्यांत बहुधा नसेलच. तिला कोण नेणार हे सहाव्या पायरीवर ठरतं. एकदा केरळची नर्स, एकदा रांचीकडचा हवालदार, एकदा नागपूरहून आलेले निवृत्त कारकून. रिक्षात त्या नर्सला म्हातारीशी हिंदीतच बोलावं लागतं, आणि परतल्यावर रुग्णालयाच्या कार्डाचं काय झालं हे हवालदाराला सांगावं लागतं, कारण पुढची पाळी त्याची. चहा वेगवेगळा पिणाऱ्या घरांत असं एक संभाषण सुरू होतं. त्यासाठी बैठकीच्या वहीत तीन रकाने पुरतात: काय ठरलं, कोणी घेतलं, मागच्या वेळचं झालं का. कोणाची बदली झाली तर मधल्या रकान्यात खोडून दुसरं नाव लिहायचं.