‘डंकर्क’ पाहणाऱ्यांची आठ वर्षं

२१ जुलै २०१७ला ‘डंकर्क’ लागला, तेव्हा आपल्याकडचा प्रेक्षक युद्धपटाची एक ठरलेली कल्पना मनात घेऊनच थिएटरात शिरला. ‘बॉर्डर’मधल्या जवानांच्या घरी कोण वाट पाहतंय हे आपल्याला माहीत असतं. घरून पत्रं येतात, गाणं होतं आणि मग गोळ्या सुटतात. ख्रिस्तोफर नोलनच्या सिनेमात मुख्य पोराचं नाव टॉमी आहे, हेसुद्धा श्रेयनामावली वाचल्यावरच कळतं. त्याचं गाव, आईवडील, प्रेम, कशाचाच पत्ता नाही. जर्मन सैनिक अगदी शेवटी दिसतात, तेही धूसर. पटकथा अवघी ७६ पानांची, सिनेमा १०६ मिनिटांचा. मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत तक्रार ऐकू यायची ती एकच, ‘स्टोरी कुठाय?’

त्या मध्यंतरानंही घात केला होता. धक्क्यावरचा एक आठवडा, समुद्रावरचा एक दिवस आणि आकाशातला एक तास असे तीन काळ नोलननं एकत्र विणलेत. नोलनच्याच घड्याळाची टिकटिक घेऊन हान्स झिमरनं संगीत रचलं. त्यात सूर सतत चढतोच आहे असा भास होतो आणि तो कुठेही थांबत नाही. अशा सिनेमात मधेच दिवे लावून समोशाची जाहिरात दाखवली, की ताण तिथेच सुटतो. उत्तरार्धात तो पुन्हा धरायला वेळ लागतो. ‘कंटाळवाणा’ म्हणून घरी गेलेल्यांपैकी कित्येकांनी हा सिनेमा सलग पाहिलाच नव्हता, असं मला आजही वाटतं.

किनाऱ्यावरचा पहिला बॉम्बहल्ला पुन्हा पाहा. वाळूत रांगा लावून उभे असलेले सैनिक वर बघतात. विमानाची किंकाळी जवळ येते तसे सगळे पालथे पडतात. कॅमेरा टॉमीच्या चेहऱ्याशी, जमिनीलगत. त्याच्या मागे एकेक स्फोट पुढे सरकत येतो, शेवटच्या स्फोटात त्याच्या जवळचाच एक माणूस हवेत उडतो. मग वाळू खाली बसते, उरलेले उठतात, कपडे झटकतात आणि पुन्हा रांगेत उभे राहतात. एक शब्द नाही, कुणी कुणाला मिठी मारत नाही. या दृश्याला थिएटरात जी शांतता पसरली ती मला फार मोलाची वाटते. ज्यांना स्टोरी हवी होती तेसुद्धा त्या क्षणी गप्प होते.

ज्यांनी ते प्रत्यक्ष भोगलं होतं, त्यांची प्रतिक्रिया वेगळीच निघाली. लंडनच्या प्रीमियरला डंकर्कहून वाचून परतलेले तीसेक जण आले होते, सगळे नव्वदी ओलांडलेले. सिनेमा खरा उतरलाय असं त्यांनी सांगितलं, फक्त इतका आवाज तेव्हाच्या बॉम्बफेकीचाही नव्हता, अशी पुस्ती जोडली. कॅनडात कॅलगरीच्या एका थिएटरात ९७ वर्षांचे एक माजी सैनिक पदकं लावून सिनेमाला आले आणि रडले, ती बातमी जगभर फिरली. मितभाषी म्हणून गाजलेल्या या सिनेमाला पुढच्या मार्चमध्ये तीन ऑस्करं मिळाली. एक संकलनाचं आणि दोन ध्वनीची.

पात्रं स्वतःविषयी काही सांगत नाहीत म्हटल्यावर ज्यानं त्यानं आपल्या मनातलं त्यांच्या तोंडी घातलं. ब्रिटनमध्ये ब्रेक्झिटचे दिवस होते. ब्रेक्झिटवादी नेते नायजेल फराज यांनी पोस्टरजवळचा स्वतःचा फोटो टाकून प्रत्येक तरुणानं हा सिनेमा पाहावा असं सांगितलं. त्यांच्या विरोधकांना त्याच समुद्रात युरोपकडे पाठ फिरवणारा देश दिसला. फ्रान्समध्ये ‘ल मोंद’ दैनिकाच्या समीक्षकानं विचारलं की आमचे सैनिक कुठे गेले? प्रश्न रास्त होता. २६ मे ते ४ जून १९४० दरम्यान डंकर्कच्या किनाऱ्यावरून सुटका झालेल्या ३,३८,२२६ जणांत एक लाख चाळीस हजारांच्या आसपास फ्रेंच व इतर मित्रसैन्याचे होते. शिवाय पिछाडी सांभाळणारे हजारो फ्रेंच तिथेच कैद झाले. सिनेमात एक फ्रेंच पोरगा आहे, शेवटी फ्रेंचांसाठी मागे थांबणारा एक ब्रिटिश अधिकारी आहे, त्यापलीकडे फारसं नाही.

आपले जवान कुठे, हा आपल्याकडचा प्रश्न जास्त बोचरा होता. डिसेंबर १९३९मध्ये मुंबई बंदरातून ‘फोर्स के-६’ फ्रान्सला निघाली. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या खेचरांच्या कंपन्या, त्यांतले बहुतेक पंजाबी मुसलमान. ब्रिटिश फौजेनं तोवर जनावरं सोडून मोटारगाड्या पत्करल्या होत्या आणि चिखलात, बर्फात त्या अडत. या कंपन्यांतले जवान डंकर्कच्या वाळूतही होते. एक कंपनी जर्मनांच्या हाती लागली, खेचरं फ्रान्समध्येच सोडावी लागली. पडद्यावर यातलं काहीच नाही. ‘एवढ्याशा सिनेमात सगळं कसं मावणार?’ असं नोलनच्या चाहत्यांचं उत्तर असे. मला ते कधीच पटलं नाही. रांगेत एक पगडी किंवा मालवाहू जहाजावर एक भारतीय खलाशी दिसायला संवाद लागत नाही. शब्द गाळणं ही शैली झाली, माणसं गाळणं ही चूकच.

मार्च २०१८च्या अखेरीस फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या निमंत्रणावरून नोलन मुंबईत आला. कमल हासननं त्याला भेटून ‘डंकर्क’ डिजिटलवर पाहिल्याबद्दल माफी मागितली आणि बदल्यात ‘हे राम’ डिजिटलवर पाठवतो म्हणून सांगितलं. डिजिटलऐवजी फिल्मच वापरण्याचा नोलनचा हट्ट इथल्या रसिकांपर्यंत पोचल्याची ती खूण होती. त्या दिवसांत सिनेमाची चर्चा पुन्हा रंगली ती बहुतेक सत्तर एमएमची. खेचरवाल्यांची आठवण फार कुणी काढली नाही.

पुढे सॅम मेंडिसच्या ‘१९१७’मध्ये लॉरीत एक शीख सैनिक बसलेला दिसला. तो तिथे असणं ओढूनताणून वाटतं असं एका ब्रिटिश अभिनेत्यानं जाहीरपणे म्हटलं, मग टीका झाल्यावर माफी मागितली. २०२५मध्ये अ‍ॅलेक्स गारलंड आणि रे मेंडोझा यांचा ‘वॉरफेअर’ आला, २००६च्या रमादीत अडकलेल्या अमेरिकी तुकडीचा. पार्श्वसंगीत नाही, कुणाचा पूर्वेतिहास नाही. ज्या इराकी कुटुंबाच्या घरात हे घडतं त्याच्याकडे कॅमेरा का वळत नाही, असं अनेक समीक्षकांनी विचारलं. २०१७मध्ये ‘स्टोरी कुठाय?’ विचारणारा प्रेक्षक आता ‘माणसं कुठायत?’ विचारू लागलाय, आणि मला हा दुसरा प्रश्न कितीतरी जास्त महत्त्वाचा वाटतो.

के-६च्या जवानांवर गी बोमन यांचं ‘द इंडियन कंटिन्जंट’ हे पुस्तक २०२०मध्ये आलं. मुंबईतला धक्का, डिसेंबरातला प्रवास, मार्सेयला उतरणारी खेचरं, फ्रेंच गावांतला हिवाळा आणि मग ती वाळू, असा सगळा ऐवज त्यात तयार आहे. हा सिनेमा मुंबईतच निघायला हवा, आणि तोही नोलनइतकाच कमी बोलणारा असला तर उत्तम.