वडीलधाऱ्यांचे दुखणे आणि आपले मौन

आपल्या लोकांत काही दुखण्यांची नावे घेण्याची चाल नाही. मुंबईत असताना कोणास कर्करोग झाला, तर शेजारीपाजारी हळू आवाजात एवढेच म्हणत, "त्यांना टाटाला नेलं." परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले आणि असंख्य रोग्यांना तेथे गुण आला, परंतु पुष्कळ माणसे तेथे फार उशिरा पोहोचत, म्हणून त्या नावाचीच धास्ती बसली. तीच धास्ती आपण सामानसुमानाबरोबर इस्राएलात आणली.

२०२२ साली आमच्या मावशींच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. वय पंचाहत्तर. त्या १९६९ साली अश्दोदला आल्या; पण त्यांचे हिब्रू बाजारापुरते व शेजारणीपुरते. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांचे बोलणे समजावून देण्यास त्यांनी आम्हांस बरोबर नेले. दाराबाहेर मावसभावाने हात धरून विनविले, "आईला नाव सांगू नकोस." आणि वर्गात मुलांना जन्मभर 'खरे बोला' म्हणून शिकविणाऱ्या आम्ही, डॉक्टरांच्या दहा वाक्यांचे एक वाक्य केले: "आतड्याला सूज आहे, ती काढावी लागेल."

मावशींनी आमच्याकडे टक लावून पाहिले. म्हणाल्या, "डॉक्टर 'सर्तान' म्हणाला, ते ऐकलं मी. सर्तान म्हणजे खेकडाच ना? कोकणात आपल्या माणसांनी कुर्लीला कधी हात लावला नाही, आणि हा मेला मलाच येऊन चावला!"

वाचकहो, त्या क्षणी आम्हांस जी शरम वाटली ती अजून गेलेली नाही. आपण लपवितो ते मायेपोटी, हे खरे. पण त्यांचे शरीर, त्यांचे उरलेले दिवस, आणि त्यांचाच पत्ता त्यांना न देणे ही कसली माया? येथील १९९६ च्या रुग्णहक्क कायद्यानेही आजाराची माहिती प्रथम रुग्णाचीच मानली आहे. ती रोखावयाची तर तिच्यामुळे रोग्यास गंभीर अपाय होण्याचा संभव आहे, हे नीतिसमितीने मान्य करावे लागते. मुलाच्या विनवणीने ते होत नाही.

सत्य कळल्यावर मावशी रडल्या, दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. मग त्या प्रश्न विचारू लागल्या. (शिक्षक-प्रशिक्षणात आम्हांस पहिल्याच महिन्यात सांगितले होते की विचारणारे मूल शिकते. रोग्याच्या बाबतीत आपण हे का विसरतो कोण जाणे.) शस्त्रक्रियेनंतर दोन औषधांची केमोथेरपी सुरू झाली. काही आठवड्यांनी बोटांना मुंग्या येऊ लागल्या, शीतकपाटातील दुधाची पिशवी धरली की झिणझिण्या उठत. आधी त्यांनी ते म्हातारपण समजून सोसले. परिचारिकेस सांगताच कळले की हा दुसऱ्या औषधाचा, ऑक्झालिप्लॅटिनचा, परिणाम आहे; आणि सत्तरी उलटलेल्यांना त्या जोडऔषधाचा वाढीव लाभ थोडाच होतो, असे अभ्यासांत दिसले आहे. डॉक्टरांनी ते बंद केले, पहिले चालू ठेवले. सोसणे हा आपल्या बायकांचा मोठा गुण मानला जातो. येथे तो घातक ठरला असता. केमोथेरपीत अंगात ३८ अंशांवर ताप चढला तर रात्री-अपरात्रीही रुग्णालय गाठावे लागते, तेव्हा "सकाळी बघू" चालत नाही.

योम किप्पूरचा प्रसंग सर्वांत अवघड गेला. मावशींनी जन्मात उपास मोडला नव्हता. डॉक्टरांनी मनाई केली, ती त्यांनी मानली नाही. अखेर राव घरी आले व म्हणाले, जिवाला धोका असता उपास करणे हेच आज्ञाभंग आहे. थोडे थोडे पाणी, मध्ये अंतर ठेवून घ्यावे, असे त्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवून दिले. मावशी ते घोट रडत रडत प्याल्या. पण प्याल्या.

वेदना व मळमळ यांचा बंदोबस्त शेवटच्या दिवसांसाठीच असतो, हाही आपला एक गैरसमज. बॉस्टनला फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांवर झालेला, २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की ही शुश्रूषा आरंभापासून मिळालेले रोगी अधिक सुखाने राहिले, आणि सरासरीने अधिक काळही जगले. येथे तिला 'टिपुल तोमेख' म्हणतात. मागावयास संकोचू नये.

नातवाच्या मेंदीसाठी एक फेरी आठवडाभर पुढे ढकलता येईल काय, हे मावशींनी स्वतःच विचारले. डॉक्टर हसून "हो" म्हणाले. त्या रात्री त्या खुर्चीत बसून का होईना, सर्व गाणी म्हणाल्या.

आता सहा महिन्यांनी तपासणी असते. बोटांची बधिरता पुरती गेलेली नाही. परवा त्या बिरड्यासाठी वाल सोलीत होत्या. साल सुटले की नाही हे बोटांना कळत नाही, म्हणून एकेक दाणा डोळ्यांजवळ नेऊन पाहतात; वाटीभर बिरड्यास तास लागतो. आम्ही मदतीस हात पुढे केला, तर तो बाजूस सारून म्हणाल्या, "हे माझं काम. टेबलावर रुग्णालयाची चिठ्ठी आलीय, ती वाच. आणि सगळी वाच हं."