शितावरून भाताची परीक्षा?

‘डॉक्टर, पेपरात आलंय, अमुक काढ्याने गाठ विरघळते. घेऊ का?’ हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. मी उलट विचारतो, ‘किती जणांवर पाहिलं?’

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पाण्यात शिजतो. माणसांचे तसे नसते. कुणी औषधाविना बरा होतो, कुणी औषध घेऊनही होत नाही. दहा जणांना आलेला गुण निव्वळ योगायोगही असू शकतो.

मुंबईचेच उदाहरण घ्या. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ साली झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांची पाहणी सुरू केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वस्त्यांचे दोन गट पाडले. एका गटात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असे चार वेळा हाताने स्तन तपासले. दुसऱ्या गटाला माहिती देऊन फक्त लक्ष ठेवले.

वीस वर्षांचा निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग पुढच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण तपासणीच्या गटात ३७ टक्के, दुसऱ्यात ४७ टक्के होते. स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले. पण हा फरक योगायोगाचा नाही, असे छातीठोकपणे म्हणता आले नाही.

एवढ्या बायका, एवढी वर्षे, तरीही? होय. मृत्यू मोजके आणि फरक लहान असला की तो पकडायला फार मोठी संख्या लागते. फरक पकडण्याच्या या कुवतीला सांख्यिकी शक्ती म्हणतात. याच उपक्रमात सौम्य आम्ल लावून गर्भाशयमुखही तपासले गेले. त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हा फरक मोठा, म्हणून स्पष्ट दिसला.

पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. मात्र हा हिशेब मागाहून वेगळा काढलेला आहे. तो पक्का मानण्यापूर्वी दुसऱ्या पाहणीतही तसेच दिसायला हवे. अनेक पाहण्यांचा एकत्र हिशेबही मांडता येतो. पण फसलेले प्रयोग कपाटातच राहिले, तर ती बेरीज चुकते.

तेव्हा आरोग्याची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारा : किती जणांवर पाहिले? तुलना कुणाशी केली? दुसऱ्या कुणी पडताळले का?

आणि भगिनींनो, गाठ हाताला लागली तर काढ्याच्या भरवशावर राहू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.