रानातील पालेभाज्या : बाजाराबाहेरचे पोषण

आषाढ-श्रावणाचे दिवस ग्रामीण अर्थव्यवस्थेत तंगीचे मानले जातात. मागील हंगामाचे धान्य संपत आलेले असते, नवे पीक हाती येण्यास दोन-तीन महिन्यांचा अवकाश असतो आणि बाजारात भाजीपाल्याचे दर चढलेले असतात. नेमक्या याच काळात सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर, शेतांच्या बांधांवर आणि गायरानांत टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, घोळ, तांदूळजा अशा भाज्या न पेरता उगवतात. पालघर, ठाणे, रायगड, नाशिक या जिल्ह्यांतील आदिवासी स्त्रिया त्या खुडून घरी नेतात. उरलेल्या जुड्या आठवडी बाजारात विकतात. झारखंड, छत्तीसगड, ओडिशा येथील आदिवासी पट्ट्यांतही रानातील पाल्याला आहारात असेच स्थान आहे. आपला टाकळा छत्तीसगडमध्ये चरोटा या नावाने आवडीने खाल्ला जातो. या भाज्यांचे पोषणमूल्य नेमके किती आणि ते गरीब कुटुंबाच्या ताटापर्यंत पोहोचविणारी व्यवस्था आज कितपत शाबूत आहे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

छुप्या भुकेचे स्वरूप

पोट भरूनही शरीराला लोह, फोलेट, कॅल्शियम, जीवनसत्त्व ‘अ’ यांसारखी सूक्ष्म पोषकद्रव्ये पुरेशी न मिळणे, यास ‘छुपी भूक’ म्हणतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. चौथ्या सर्वेक्षणात (२०१५-१६) हे प्रमाण सुमारे ५३ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत ते सुमारे ५९ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेले. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ मुळे स्वस्त धान्याचा हक्क मिळाला. परंतु धान्यातून प्रामुख्याने ऊर्जा मिळते. सूक्ष्म पोषकद्रव्यांची उणीव भरून काढण्यासाठी डाळी, दूध, फळे, अंडी आणि पालेभाज्या यांची जोड आवश्यक असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दररोज सुमारे १०० ग्रॅम हिरव्या पालेभाज्यांची शिफारस आहे. ज्या कुटुंबाला भाजी विकत घेणे परवडत नाही, त्याच्यासाठी ही शिफारस रानातूनच पूर्ण होऊ शकते.

पोषणमूल्य : आकडे आणि मर्यादा

याच संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत ५२८ खाद्यपदार्थांचे पृथक्करण दिले आहे. त्यानुसार १०० ग्रॅम कोबीत सुमारे ५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. माठाच्या हिरव्या पानांत ते सुमारे ३३०, शेवग्याच्या पानांत सुमारे ३१५, तर उत्तर भारतात बथुआ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चाकवतात २०० मिलिग्रॅमच्या आसपास आढळते. तांदूळजा हा माठाच्याच कुळातील आहे. गडद हिरव्या पानांत शरीरात जीवनसत्त्व ‘अ’ तयार करण्यास उपयोगी पडणारे बीटा-कॅरोटीन विपुल असते. घोळीच्या पानांत ओमेगा-३ गटातील मेदाम्लही असते. पालेभाज्यांत ही बाब वैशिष्ट्यपूर्ण आहे.

मात्र आकडे वाचताना सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. लोहाचे उदाहरण बोलके आहे. जुन्या तक्त्यांत पालकात १०० ग्रॅममागे १०.९ मिलिग्रॅम लोह नोंदविले होते. सुधारित आवृत्तीत ते १.१४ वर आले आणि २०१७ च्या तक्त्यांत सुमारे ३ मिलिग्रॅम आहे. पानांना चिकटलेल्या मातीतील लोह मोजले गेल्यास आकडा फुगतो. शिवाय वनस्पतिजन्य लोहाचा अल्प भागच शरीरात शोषला जातो. प्रौढ स्त्रीची लोहाची शिफारस केलेली दैनंदिन मात्रा २९ मिलिग्रॅम (२०२०) आहे. केवळ पालेभाज्यांनी रक्तक्षय दूर होईल, असे म्हणणे म्हणूनच अशास्त्रीय ठरेल. लोह-फोलिक अॅसिडच्या गोळ्यांना त्या पर्याय नाहीत. या भाज्यांचे खरे बळ कॅल्शियम, फोलेट, कॅरोटीन आणि आहारातील विविधता यांत आहे.

पारंपरिक पाककृतींत या दृष्टीने मोठे शहाणपण आढळते. भाजीवर लिंबू पिळल्यास त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. फोडणीतील तेलामुळे कॅरोटीन शोषले जाते. डाळीची जोड प्रथिनांची उणीव भरते. काही पानांतील ऑक्झलेटमुळे कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही. अशी पाने उकळून पाणी टाकून दिल्यास हा दोष कमी होतो. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा. अनोळखी वनस्पती जाणकाराखेरीज खुडू नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

सामायिक जमिनींचे अर्थशास्त्र

रानभाजीला बाजारभाव नसतो, पण म्हणून तिला मूल्य नाही असे नव्हे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ६८ व्या फेरीत (२०११-१२) ‘पालक व इतर पालेभाज्या’ अशी एकच नोंद होती. डझनावारी रानभाज्या ‘इतर’ या शब्दात सामावल्या. जे वेगळे मोजले जात नाही, त्याचा ऱ्हासही धोरणकर्त्यांच्या नजरेतून निसटतो.

हा ऱ्हास दोन मार्गांनी होत आहे. पहिला मार्ग सामायिक जमिनींच्या आक्रसण्याचा. अर्थतज्ज्ञ एन. एस. जोधा यांच्या १९८६ मधील अभ्यासानुसार, महाराष्ट्रासह सात राज्यांच्या कोरडवाहू भागांतील अभ्यासलेल्या गावांत १९५० च्या दशकाच्या आरंभापासून १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत सामायिक जमिनींचे क्षेत्र ३१ ते ५५ टक्क्यांनी घटले होते. तेथील गरीब कुटुंबांच्या उत्पन्नात या जमिनींचा वाटा १४ ते २३ टक्के होता. पुढे १९९८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ४८ टक्के ग्रामीण कुटुंबे अशा स्रोतांतून काही ना काही गोळा करीत असल्याचे आढळले. गायरान गेले की जनावरांच्या चाऱ्याबरोबर कुटुंबाची भाजीही जाते.

दुसरा मार्ग तणनाशकांचा. गव्हाच्या शेतातील बथुआ हे शेतकऱ्याच्या लेखी तण आणि निंदणी करणाऱ्या मजूर स्त्रीच्या लेखी संध्याकाळची भाजी. निंदणीच्या मजुरीपेक्षा फवारणी स्वस्त पडल्यास शेतकरी ती निवडणार, हे स्वाभाविक आहे. परंतु मजूर स्त्री रोजगार आणि भाजी दोन्ही गमावते आणि हा तोटा फवारणीच्या हिशेबात कोठेच धरला जात नाही. अर्थशास्त्रात यास ऋण बाह्यता म्हणतात.

धोरणाची दिशा

या संदर्भात कायद्याची चौकट उपलब्ध आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(ग) नुसार परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर वनवासींना मालकी, संकलन, वापर व विक्रीचा हक्क आहे. कंद, मुळे, औषधी वनस्पती या व्याख्येत मोडतात. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक समित्यांनी तयार करावयाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत रानभाज्यांचे ज्ञान नोंदविता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश राज्यांना दिले. पोषण अभियानातील परसबागांत आणि शालेय आहारात शेवगा, माठ, अंबाडी यांना स्थान देणे सहज शक्य आहे. महाराष्ट्रात कृषी विभागातर्फे भरविल्या जाणाऱ्या रानभाजी महोत्सवांमुळे शहरी ग्राहक या भाज्यांकडे वळत आहे. त्यातून संकलक स्त्रियांना उत्पन्न मिळते, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि मागणी वाढून भाजी मुळासकट उपटली गेली किंवा घरच्या ताटातील वाटा विक्रीला गेला, तर मूळ हेतूच विफल होईल.

सारांश, रानातील पालेभाज्या हे रक्तक्षयावरील रामबाण औषध नव्हे. परंतु तंगीच्या दिवसांत अत्यंत गरीब कुटुंबाला पैशाविना लाभणारा पोषणाचा तो एक आधार आहे. या आधाराचे भवितव्य गायरान, बांध आणि जंगल यांवरील हक्कांशी आणि ती पाने ओळखणाऱ्या स्त्रियांच्या ज्ञानाशी बांधलेले आहे. म्हणूनच पोषण आणि जमीन या विषयांचा विचार एकत्रितपणेच व्हावयास हवा.