पोथ्यांच्या यादींत नांवाचा संबंध केव्हां नोंदावा ?

हस्तलिखितांची यादी करणारास एकाच पोथींत अनेक नांवें आढळतात. त्यांपैकीं प्रत्येकाचा ग्रंथाशीं संबंध काय, हें केव्हां लिहावें व केव्हां मोकळें ठेवावें, याविषयीं आमचें मत थोडक्यांत मांडतों.

जुन्या पोथ्यांत 'लेखक' म्हणजे नक्कल करणारा. ग्रंथ रचणारा तो 'कर्ता'. आज आपण रचणारासच लेखक म्हणतों. त्यामुळें 'लिखितं' या पदाजवळचें नांव कर्त्याच्या रकान्यांत जाऊन बसतें व नसलेला ग्रंथकार जन्मास येतो. वस्तुतः अनेक पोथ्यांच्या शेवटीं लेखक स्वतःच बजावतो कीं, प्रत जशी पाहिली तशी उतरली, अशुद्धाचा दोष मजकडे नाहीं. 'लिखापितं' असेल तर तें नांव लिहविणाराचें. 'पठनार्थं' असेल तर ज्याच्या वाचनासाठीं प्रत झाली त्याचें.

दुसरा भेद कृतीचा व प्रतीचा. ज्ञानेश्वरीचें उदाहरण घ्या. ज्ञानदेव कर्ते, शके १२१२ (इ. स. १२९०) हा रचनेचा शक, सच्चिदानंदबाबा मूळ लेखनाचे लेखक. हा मजकूर ग्रंथाच्या शेवटच्या ओव्यांतच असल्यानें पुढील नकलांतही उतरतो. म्हणून सच्चिदानंदबाबांस हातांतील प्रतीचे लेखक, किंवा शके १२१२ हा तिचा काळ मानूं नये. एकनाथांनीं शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें ग्रंथ शुद्ध केला. त्यांचें नांव 'शोधक' म्हणून केवळ वहिवाटीनें लिहूं नये; त्या शुद्धीच्या ओव्या प्रतींत असतील, अथवा पाठ ताडून तसें ठरेल, तेव्हांच लिहावें. कारण पाठ एकनाथपूर्व कीं नंतरचा, हा मोठा प्रश्न त्या एका शब्दानें मिटल्यासारखा दिसतो.

सारांश, पोथीनें संबंध शब्दानें सांगितला असेल तर तो शब्द मुळाप्रमाणें उतरून घ्यावा व कृतीचा कीं प्रतीचा तें लिहावें. अन्य पुराव्यानें ठरविला असल्यास चौकटी कंसांत घालून पुरावा द्यावा. पुठ्ठ्यावर नुसतें नांव असेल, तर तो धनी, वाचक कीं दाता हें ठरवीत बसूं नये. 'नामनिर्देश' एवढेंच लिहावें. मोकळा रकाना पुढील संशोधकास भरतां येतो; चुकीनें भरलेला मात्र एका यादींतून दुसरींत उतरत जातो, आणि मूळ पोथी जीर्ण झाल्यावर तो तपासण्याचें साधनच उरत नाहीं.